सातांच्या पुढचा आंधळा

१

शेळ्यांचं दूध काढून झालं की आलासिया रोज सकाळी चर्च झाडायला जाई. हे काम सासूकडून तिच्याकडे आलं होतं, घरातला फुटका माठ धाकट्या सुनेकडे यावा तसं. नको म्हणायची सोय नव्हती आणि आपलं म्हणून मिरवावं असंही त्यात काही नव्हतं.

चर्च एवढंसं. डोंगराच्या कुशीत, गावाच्या वरच्या अंगाला. आत गेलं की डाव्या भिंतीवर सात पापं. आलासियाच्या जन्माआधी कधीतरी खालच्या खोऱ्यातून एक फिरता चितारी आला होता, त्याने ती काढलेली. गर्व सिंहावर बसलेला, मुकुट सावरत. लोभ माकडावर. मत्सर हडकुळ्या कुत्र्यावर, राग अस्वलावर, खादाडपणा डुकरावर, वासना बोकडावर. आणि सगळ्यात शेवटी गाढवावर मान टाकून बसलेला आळस. सातांच्या गळ्यातून एकच साखळी गेलेली. ती खांद्यावर घेऊन दोन्ही हातांनी ओढत सैतान पुढे चाललेला, आणि त्याच्यासमोर नरकाचं उघडं तोंड.

सैतानाला डोळे नव्हते. चितारी विसरला असं नाही. त्याने काढले होते, गावाने खरवडून काढले. ईस्टरच्या सकाळी पापं कबूल करून झाली की प्रत्येकाने आपल्या सुरीचं टोक त्या डोळ्यांवर एकदा ओढायचं, अशी तिथली रीत. वर्षभर त्याची नजर आपल्यावर नको, एवढंच. इतक्या वर्षांत तिथे अंगठा आत जाईल असे दोन पांढरे खड्डे पडले होते. त्या खड्ड्यांतून चुन्याची भुकटी सारखी गळायची, आणि ती झाडायची आलासियाने.

ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस होते. बाहेर बर्फ अजून वितळलं नव्हतं. त्या सकाळी झाडू घेऊन ती भिंतीखाली वाकली तर फरशी लख्ख. भुकटीचा कणही नाही.

‘बरं झालं, एक काम कमी,’ ती स्वतःशी म्हणाली.

मग बाहेर पडताना तिने कडीला हात घातला. कडीवर, आतल्या बाजूने, पांढरा चुना लागला होता. कुणीतरी अंधारात कडी शोधावी तशी चार बोटं दाराच्या फळीवरून इकडून तिकडे फिरली होती.

२

आलासियाचा नवरा पेरिन नोव्हेंबरपासून अंथरुणात होता. ताप नाही, खोकला नाही, हाड मोडलेलं नाही. शरद संपता संपता वरच्या कुरणातून शेळ्या खाली आणताना दरड कोसळली आणि त्याचा थोरला भाऊ मिकेलो त्याच्या डोळ्यांदेखत तिच्याखाली गेला. पेरिन घरी आला, बूट काढले, भिंतीकडे तोंड करून निजला, तो उठलाच नाही. बोलणंही हळूहळू आटलं. आलासिया त्याला बार्लीचं सूप भरवायची, कूस बदलायला लावायची, आणि एकटी असताना रडायची.

गावाने मात्र केव्हाच निकाल लावून टाकला होता. पेरिन गाढवावर बसला. सातवं पाप. भिंतीवर बघा की, तशीच मान टाकलेली.

मिकेलोची बायको बियेता, म्हणजे आलासियाची जाऊ, तिची जीभ तर कातरीसारखी. ती त्या दिवशी विहिरीवर भेटली.

‘माझा नवरा दगडाखाली गेला, तुझा घोंगडीखाली,’ ती म्हणाली. ‘माझा निदान काम करताना गेला हो.’

‘बियेता, तुझं दुःख मला कळतं. म्हणून ऐकून घेते. पण रोज नाही घेणार.’

‘नको घेऊस. बादली धर.’

आलासियाने बादली धरली. मग विचारलं, ‘चर्चमधला तो सैतान साखळी दोन्ही हातांनी ओढतो ना गं?’

‘हात कोण मोजतंय त्याचे? का?’

‘काही नाही.’

पण काहीतरी होतं. कडीवरचा चुना पुसून ती परत भिंतीपाशी गेली होती. साखळी सैतानाच्या खांद्यावर होती, आणि ती एकाच हातात धरलेली. दुसरा हात पुढे, मोकळा. बोटं फाकलेली. ओल आली की भिंतीचे रंग सरकल्यासारखे दिसतात, हे तिला ठाऊक होतं. उपाशी पोटी माणसाला काहीही दिसतं, हेही ठाऊक होतं. या दोन्ही गोष्टी तिने स्वतःला नीट समजावून सांगितल्या. तरी जन्मभर पाहिलेलं चित्र, त्यातला एक हात असा कसा चुकेल?

३

नंतर दारांवर चुना दिसू लागला.

आधी चर्चजवळच्या पहिल्या घराच्या चौकटीवर. मग त्याच्या शेजारच्या. चार पांढऱ्या बोटांचा फराटा, माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर, जणू कुणीतरी ओणवं होऊन चौकट चाचपत गेलं. बायकांनी पोरांना धपाटे घातले. पोरं शपथा घेऊन सांगू लागली, आम्ही नाही. त्यांना आणखी दोन पडले. बियेताच्या दारावर फराटा उठला तेव्हा तिने तो ओल्या फडक्याने पुसला आणि फडकं चुलीत टाकलं, पण त्या दिवशी ती कुणाला काही बोलली नाही. बियेता गप्प बसली, हेच आलासियाला जास्त टोचलं.

दुसऱ्या दिवशी ती दूध काढून आत आली आणि पेरिनला उठवायला वाकली. त्याच्या गालावर चुना होता. कपाळावर, नाकाच्या दोन्ही बाजूंनी, ओठांवर. ओळख पटवायला कुणी आंधळा माणूस समोरच्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवतो ना, तसा.

‘पेरिन, तू चर्चमध्ये गेला होतास?’ हे विचारताना तिच्या आवाजात चक्क आशा होती. उठून गेला असेल तर बरंच की!

तो किती दिवसांनी बोलला. ‘मला ओळखत नाही तो. म्हणून चाचपतो.’

‘कोण?’

‘हात गार असतो.’ पेरिनने डोळे उघडले नाहीत. ‘सगळ्यांना चाचपत येतो. जे उठतात, ओरडतात, त्यांना सोडतो. मी हललो नाही, आलासिया. मला हलताच येईना. काल गळ्यापर्यंत आला.’

तिने त्याच्या गळ्याभोवतीचं फडकं सोडलं. तिथेही चुना होता, पूर्ण कड्यासारखा नाही, अर्ध्या मानेभोवतीच.

तिने पाणी गरम केलं, त्याचा चेहरा धुतला, मान धुतली. धुता धुता तिने विचार केला, आणि विचार झाला तेव्हा तिला भीतीपेक्षा राग जास्त आला होता. सैतानावर नव्हे. गावावर, आणि स्वतःवर. तिनेही दरवर्षी सुरी ओढली होतीच.

४

गालो पाद्रीबाबा पंधरवड्यातून एकदा खालच्या गावाहून खेचरावर बसून येत. त्यांना कायम पडसं असायचं. आलासियाने त्यांना कबुलीच्या बाकाजवळच गाठलं.

‘पाद्रीबाबा, पेरिनचं पाप आहे का?’

त्यांनी नाक पुसलं. ‘अंथरुणात पडून राहणं? आळसच तो, पोरी. सातांतला सातवा.’

‘ज्याचा भाऊ डोळ्यांसमोर गाडला गेला, त्याला तुम्ही आळशी म्हणता? तो आळशी नाही. तो दुःखानं मोडलाय.’

‘बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं बघ.’

‘डोळे असले तर नाही दिसत सारखं,’ ती म्हणाली. ‘तेच तर सांगतेय. सैतानाचं काम काय? सात पापांतली आपली माणसं ओळखायची आणि न्यायची. आपण त्याचे डोळे खरवडत खरवडत पार घालवले. आता त्याला रस्ता दिसत नाही, माणूस दिसत नाही. तो चाचपत फिरतोय. आंधळ्या बैलाला अंगणात सोडलं तर तो चोरालाच तुडवेल, असं थोडंच आहे!’

पाद्रीबाबा हसले, पण हसू अर्ध्यातच राहिलं. ते ज्या बाकावर बसले होते त्याच्या पाठीवर पांढरी बोटं उमटली होती आणि ती त्यांच्याही नजरेला पडली होती.

‘मग तुझं म्हणणं काय?’

‘डोळे परत रंगवायचे.’

‘वेडी आहेस? गाव तुला फाडून खाईल. आणि त्याला दिसायला लागलं आणि तुझा नवरा खरंच त्याचा निघाला, तर?’

हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नव्हता असं नाही. तिच्याजवळ फक्त खात्री होती, आणि ती तिने घट्ट धरून ठेवली होती.

‘नाही निघणार,’ ती म्हणाली.

५

तिचा बाप चुना भाजायचा, त्यामुळे चुन्याशी तिची बालपणापासूनची दोस्ती. ओला चुना जिवंत असतो, बाप म्हणायचा. त्याच्यावर जे काढाल ते तो गिळतो, आणि वाळला की कधी सोडत नाही. घरामागच्या खड्ड्यात मुरलेला चुना होता. तिने तो चाळलेल्या वाळूत कालवला, दिव्याची काजळी वाटीत घेतली, बोकडाच्या केसांचा बारका कुंचला बांधला, आणि दुपारच्या उजेडात, गाव जेवायला बसलं असताना, चर्चमध्ये गेली. दार सताड उघडं ठेवलं. तिथून खाली तिच्या घराचं छप्पर दिसत होतं.

सैतानाचा मोकळा हात आता खाली लोंबत होता. तिने त्याच्याकडे पाहायचं टाळलं. स्टूल ठेवून ती चढली, डोळ्यांचे खड्डे पाण्याने भिजवले. भिंत पाणी प्याली. अगदी आवाज करून प्याली.

पहिला खड्डा भरून तिने थापीने सपाट केला. दुसरा भरायला वर ताणून घ्यावं लागलं, म्हणून तिने डावा तळहात भिंतीला टेकवला. डोळ्यात चुना भरत असतानाच तिच्या मनगटाभोवती काहीतरी मिटलं.

ते गार होतं आणि खरखरीत. घाईने धरल्यासारखं नाही, सावकाश. बाजारात शेळीचा पाय चाचपून बघतात तसं ते तिचं हाड चाचपत होतं. मग कोपराकडे सरकू लागलं.

आलासिया ओरडली नाही. ओरडली तर स्टुलावरून पडेल, पडली तर चुना वाळेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. मान वळवली असती तर तिला दिसलं असतं. तिने मान वळवली नाही. ‘थांब,’ ती दातांतून म्हणाली, ‘थांब मेल्या, तुझंच काम करतेय.’ तिने काजळीत कुंचला बुडवला. एक बुबुळ काढलं. ती पकड तिच्या खांद्यापर्यंत आली होती. तिने दुसरं बुबुळ काढलं.

पकड सुटली. साखळीची एक कडी दुसरीवर पडल्याचा बारीक आवाज झाला, आणि मग काही नाही. ती खाली उतरून मागे सरली तेव्हा सैतानाचे दोन्ही हात पुन्हा साखळीवर होते.

मग तिला कळलं, आपण काय करून बसलो. ती काही चितारी नव्हती. सैतान तिरका काढलेला, नरकाकडे तोंड करून. मूळचे डोळेही तिकडेच बघत असणार. तिला डोळे काढता येत होते ते एकाच तऱ्हेचे, समोर बघणारे. ओला चुना चकाकत होता, आणि ते डोळे नरकाकडे बघत नव्हते. ते तिच्याकडे बघत होते. तिच्या खांद्यावरून, उघड्या दारातून, खालच्या छपराकडेही.

ती एक पाऊल सरकून बरोबर मध्ये उभी राहिली. चुना वाळेपर्यंत ती तिथून हलली नाही.

६

घरी आली तर पेरिन बसलेला. गावात वर्षातून एकदाच भाजून ठेवत ती दगडासारखी कडक, राय धान्याची पोळी त्याने स्वतः कापली होती आणि दुधात बुडवून खात होता.

‘मीठ कुठं ठेवलंस?’ त्याने विचारलं.

आलासिया उंबऱ्यातच बसली आणि ढसाढसा रडली. इतका आनंद तिला लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता. पेरिन घाबरून म्हणाला, ‘अगं, नसेल तर राहू दे मीठ!’ तशी ती रडता रडता हसायला लागली.

दारांवरचे फराटे थांबले. पेरिन आधी अंगणापर्यंत चालला, मग गोठ्यापर्यंत. मिकेलोचं नाव घेऊन एकदाचा रडला. गावालाही बरं वाटलं. गाढवावरून उतरला म्हणे.

फक्त आलासियाची मान जड झाली. चर्चमध्ये पाठ वळवून झाडायला लागली की मानेवर ओझं येई, पाण्याची कावड एकाच खांद्यावर घेतल्यासारखं. ती वेदीकडे गेली की ओझं तिकडे, दाराकडे गेली की इकडे. ती त्याला पाठ देऊन झाडायची, मुद्दाम. जोवर ओझं आपल्यावर आहे, तोवर त्याचे डोळे दुसऱ्या कुणावर नाहीत, हे तिने ओळखलं होतं. हे तिने कुणाला सांगितलं नाही. पेरिनला तर नाहीच. ‘तू चर्चला येऊ नकोस इतक्यात,’ एवढंच त्याला बजावलं. ‘थंडी बाधेल.’

७

ईस्टरच्या सकाळी सगळं गाव सुऱ्या घेऊन भिंतीसमोर उभं राहिलं, आणि भिंतीसमोर आलासिया.

रांगेत पहिली बियेता. ‘डोळे कुणी काढले हे?’

‘मी.’

‘सैतानाला डोळे देतेस? आमच्यावर सोडतेस त्याला? हो बाजूला!’

‘बियेता, तुझ्या दारावर चुना लागला होता. तू पुसलास. फडकं जाळलंस. सांग सगळ्यांना, कशाला जाळलंस?’

मागून कुणीतरी ओरडलं, ‘रीत आहे ती! बापजाद्यांची रीत आहे!’

‘बापजाद्यांनी त्याला आंधळा केला, आणि तो घराघरांत हात घालत आला,’ आलासिया म्हणाली. ‘पुन्हा आंधळा केलात तर पुन्हा येईल. आधी माझ्या घरी. म्हणून सुरी लावायची तर आधी मला लावा. मी हलणार नाही.’

पाद्रीबाबा वेदीपाशी नाक पुसत उभे होते. ते पुढे आले नाहीत.

आणि बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, की रांग तिच्याकडे बघत नव्हती. ती तिच्या खांद्यावरून मागे बघत होती. एकेक चेहरा पांढरा पडत गेला. बियेता दोन पावलं मागे सरली, तिची सुरी फरशीवर वाजली. आलासियाच्या पाठीमागे साखळीच्या कड्या हलल्या, शेवटच्या गाढवाकडून पुढे, सावकाश, सातही जण थांबून वळल्यासारख्या. मानेवरचं ओझं वाढत गेलं. तिने पाय रोवले.

‘मागे बघू नकोस,’ बियेता कुजबुजली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ‘आलासिया, बाई, मागे बघू नकोस.’

‘बघायचंच नाही मला. सुऱ्या खाली ठेवा.’

एक सुरी खाली आली, मग दुसरी. गाव दाराकडे सरकू लागलं. तिला वाटलं, जिंकलो. आणि तेवढ्यात त्या गर्दीतून उलटा वाट काढत, काठी टेकत, कुणीतरी आत आलं. पेरिन होता.

‘तुला येऊ नको म्हटलं होतं ना!’ ती किंचाळली.

‘म्हटलं होतंस.’ त्याला धाप लागली होती. त्यानेही तिच्या मागे पाहिलं, चेहरा राखेसारखा झाला, पण तो थांबला नाही. भावावर दरड कोसळली तेव्हा तो थिजून उभा राहिला होता. आता त्याने थिजायचं नाही असं ठरवलेलं होतं, हे तिला त्याच्या जबड्यावरून कळलं. तो येऊन तिच्या शेजारी भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

‘सरक जरा,’ तो म्हणाला. ‘दोघांना जागा आहे.’

‘पेरिन, जा. पाया पडते तुझ्या.’

‘एकाला सोडून आलो एकदा. आता नाही.’

तिला रडू फुटणार होतं. आणि मग तिच्या मानेवरचं ओझं उतरलं. एकाएकी, पूर्णपणे, मान हलकी, पिसासारखी. शेजारी पेरिनचं डोकं हळूहळू खाली झुकू लागलं, पुढे, छातीवर, जणू कुणी हात ठेवून दाबत होतं. त्याची काठी हातातून घरंगळली.

आलासियाने उजव्या हाताने नवऱ्याची हनुवटी धरली आणि होतं नव्हतं ते बळ लावून ती वर उचलली. त्याची मान तशीच पेलून धरत ती वळली आणि भिंतीला सामोरी झाली.

जे होतं ते अगदी जवळ होतं. तिने काढलेले डोळे तिने ओळखले; डावा थोडा वाकडा आला होता.

‘तो तुझा नाही,’ ती म्हणाली. ‘नीट बघ. आता दिसतंय तुला, आंधळ्याचं सोंग नको. बघ, उभा आहे तो.’

डोळे पेरिनवरून तिच्यावर आले. तिने पापणी लवू दिली नाही. तिच्या तळहातावर पेरिनची हनुवटी हळूहळू हलकी होत गेली, आणि मग तिला कळलं की आता तो ती स्वतः पेलतोय.

‘आलासिया,’ तो हळूच म्हणाला, ‘चल, घरी जाऊ.’

‘तू हो पुढं,’ ती डोळे न हलवता म्हणाली. ‘जाताना दार ओढून घे. माझं झाडायचं राहिलंय.’